ह्यात ती बाई कुठंय?

मुलांनो, खरं खरं सांगा. ‘या पाठातून तुम्हांला काय शिकायला मिळाले?’ या प्रश्नाचं उत्तर तुम्ही कधी पाठ न वाचताच लिहिलंय का? घाबरू नका, मी काही तुमची वही तपासायला बसलेली नाही. (तपासायच्या वह्या माझ्याकडे आधीच ढीगभर पडल्यात.) मी विचारतेय, कारण मी स्वतः तसं लिहिलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा. सुरुवात ठरलेली असायची, ‘या पाठातून आपल्याला असा बोध मिळतो की...’ आणि मग त्याग, परोपकार, कष्ट, देशप्रेम यांपैकी त्या पाठाला जे शोभेल ते. गुण बरे मिळायचे. त्यामुळे यात काही चुकतंय असं मला कधी वाटलंच नाही.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. पण आज सांगणार आहे ती गोष्ट मी नववीत होते तेव्हाची, २००३ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली.

आमचं गाव नाशिक जिल्ह्यात, कांद्या-द्राक्षांच्या पट्ट्यात. गावात सातवीपर्यंतच शाळा. आठवीपासून आम्ही शेजारच्या मोठ्या गावात चालत जायचो. सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी मराठीच्या बाई वर्गात आल्या, त्या दोन मुलांच्या हातांत पुस्तकांचे गठ्ठे देऊनच. म्हणाल्या, “सुट्टीत प्रत्येकाने एक अभिजात पुस्तक वाचायचं आणि त्याबद्दल चार पानं लिहून आणायची. पुस्तकातून काय शिकलात ते लिहा.”

‘अभिजात’ हा शब्द तुम्हांला आता माहीत आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा द्यायचं केंद्र सरकारने ठरवलं, तेव्हापासून तो शब्द शाळेच्या फळ्यावर, बॅनरवर, भाषणांत सगळीकडे दिसतो. आम्हांला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता. आमच्या वर्गात एक अभिजित होता. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, “बाई, अभिजितचं पुस्तक म्हणजे कुठलं?” सगळा वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, आणि मग म्हणाल्या, “जे लिहिणारा गेल्यावरसुद्धा लोक आपणहून वाचतात, ते अभिजात.” आपणहून! इथे तर हजेरीच्या क्रमाने वाटप चाललं होतं.

हजेरीत आधी मुलगे, मग मुली, आणि मुलींतही माझं आडनाव शेवटाकडचं. तोवर पातळ पातळ पुस्तकं सगळी संपली. अभिजितने एक नाटक पटकावलं होतं, तळहाताएवढं जाड असेल-नसेल. माझ्या वाट्याला आलं ते खाकी कव्हर घातलेलं, कोपरे झिजलेलं, विटेसारखं जाडजूड पुस्तक. आत नाव होतं, ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळक.

घरी येताना दप्तर खांद्याला टोचत होतं, आणि मी मनातल्या मनात माझ्या आडनावाला बोल लावत होते.

पहिले दोन दिवस मी पुस्तक नुसतं समोर घेऊन बसले. तुम्हांला म्हणून सांगते, पहिल्या पानांवरच माझी विकेट पडली. कोण कुणाचा मामा, कोण कुणाची आत्या, काही पत्ता लागेना. सोवळं म्हणजे काय, मुकटा म्हणजे काय, कशालाच अर्थ लागेना. आमच्या शेतकऱ्याच्या घरात हे शब्द कुणी वापरतच नव्हतं. डोळे पानावर आणि कान अंगणात, अशी माझी गत. आई ते बघत होती. ती म्हणाली, “मोठ्यानं वाच. म्हणजे वाचतीयेस का झोपतीयेस ते तरी कळंल.”

मग संध्याकाळी ओसरीवर मी मोठ्याने वाचायला लागले. भुईमूग काढून आणला होता. वेलांचा ढीग मध्ये घालून आई, काकू आणि माझी आजी शेंगा तोडत बसायच्या. दिवे बहुधा गेलेलेच असायचे. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन म्हणजे रोजचंच. कंदील माझ्याजवळ ठेवायचे, कारण पुस्तक मला वाचायचं होतं. शेंगा काय, अंधारातही तोडता येतात.

आजीबद्दल थोडं सांगते. ती माझ्या वडिलांची आई. गावात प्रौढांचे साक्षरता वर्ग आले तेव्हा ती त्यात गेली होती, पण पाचसहा आठवड्यांत कांदा लागवड आली आणि शाळा सुटली. तेवढ्यात स्वतःचं नाव लिहायला मात्र ती शिकली. रेशनच्या दुकानात अंगठा न लावता सही करायची आणि इकडे तिकडे बघायची, कुणी पाहिलं का म्हणून. बाकी वाचता काही यायचं नाही.

मी वाचत होते ते लक्ष्मीबाईंच्या लहानपणाबद्दल. त्यांचा जन्म १८६८ सालचा. माहेरचं गाव जलालपूर. ते ऐकल्यावर आजीने मान वर केली. “आपल्या नाशकाजवळचं? गंगेच्या काठचं?” (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) मी म्हटलं, “हो, तेच.” “मग वाच,” म्हणाली. म्हणजे आतापर्यंत ती ऐकतच नव्हती!

लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत फारच कडक होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवा, लाकडं धुवा. इतकंच काय, मीठसुद्धा धुवा!

आजीचे हात थांबले. “मीठ धुतलं?”

“हो.”

“मग पानात काय वाढीत होते, पाणी?”

आणि ती जी हसायला लागली! आजीला असं हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. तोंडाला पदर लावून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू हसली, आई हसली, मीही हसले. ते पान मला तीनदा वाचायला लावलं. शेजारच्या घरातून मावशी विचारायला आल्या, की काय झालं? त्यांना चौथ्यांदा वाचून दाखवलं.

पण पुस्तकात त्याच्या मागचं कारणही दिलेलं आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जी धरपकड केली, तीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर त्यांच्या वडिलांचं सोवळं हे असं हाताबाहेर गेलं. ते मी वाचलं तेव्हा आजी गप्प झाली. दोनचार शेंगा तोडल्या आणि म्हणाली, “मग येडा नव्हता गं तो. भ्यालेला होता.”

पुढे मी डी.एड. केलं. ‘व्यक्तिरेखेचे आकलन’ वगैरे विषयांवर पाठ टाचणं काढली, निरीक्षकांसमोर पाठ घेतले. पण आजीच्या त्या एका वाक्याइतकं आकलन मला अजून कुठल्या टाचणात मांडता आलेलं नाही.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आजी विचारायची, “आज बाईचं काय झालं?” पुस्तकाचं नाव तिच्या तोंडी कधी बसलं नाही. ‘बाईचं पुस्तक’ हेच नाव.

बाईचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मी तेव्हा १४ वर्षांची. मी मनातल्या मनात हिशेब केला, त्या काळात असते तर माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली असती. माझ्या अंगावर काटा आला. आजीला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिचंही असंच लहानपणी झालं होतं. लक्ष्मीबाईंचे पती म्हणजे नारायण वामन टिळक, फुलांमुलांचे कवी. त्यांची नावाजलेली ओळख आम्हांला मराठीच्या तासाला झाली होती. जन्म १८६१, मृत्यू १९१९, हे मला पाठ होतं. पण पाठ्यपुस्तकात कवीच्या नावाखाली चार ओळींत जो माणूस असतो, तो घरात कसा वागतो हे कुठे लिहिलेलं असतं?

इथे लिहिलेलं होतं. टिळक मोठे कवी, मनाने उदार, कुणाचं दुःख बघवायचं नाही. पण रागही तसाच. घरात न सांगता कुठेतरी निघून जायचे. कधी येतील, कुठे आहेत, काही कळायचं नाही. हातात पैसा आला तर तो घरी पोचेलच असं नाही. वाटेत कुणी गरजू भेटला की दिला त्याला! मग चूल कशी पेटवायची ते लक्ष्मीबाईंनी बघायचं.

आणि गंमत अशी, की हे सगळं त्या हसत हसत सांगतात. टिळकांवर त्यांचं प्रेम आहे, आदर आहे, ते पानोपानी कळतं. पण म्हणून त्यांच्या चुका त्या लपवत नाहीत. स्वतःचा भाबडेपणा, स्वतःच्या फजित्या, त्याही नाहीत. शाळेचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. लिहायला-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर, टिळकांकडूनच. म्हाताऱ्या झाल्यावर मुलाने, देवदत्तने, वडिलांचं चरित्र लिहायचं म्हणून आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि त्यातून हे पुस्तक झालं. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ते छापून आलं. लक्ष्मीबाई १९३६ साली वारल्या. आता बघा, शुद्धलेखनाचे नियम त्यांना कुणी शिकवले नव्हते, निबंधाचे मुद्दे कुणी फळ्यावर लिहून दिले नव्हते. त्या बोलतात तसं लिहितात. म्हणूनच आमच्या ओसरीवर ते पुस्तक वाचल्यासारखं वाटायचंच नाही. शेंगा तोडायला आणखी एक बाई येऊन बसलीय आणि आपली हकीकत सांगतेय, असं वाटायचं.

टिळकांचं ते न सांगता निघून जाणं ऐकून मला भयंकर राग यायचा. मी म्हटलं, “कसला मोठा कवी हा?” आजी म्हणाली, “माणूस वाईट न्हाई गं. पण बायकोला सांगून जायला काय पैसं पडत्यात?”

मग १८९५ साल आलं. त्या वर्षी फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर होत्या, मुलगा दत्तू जेमतेम तीन-चार वर्षांचा. बातमी कळली तेव्हा त्यांची जी अवस्था झाली, ती त्यांनी सांगितली आहे. मी ती पानं वाचत होते. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं, की शेंगा तुटण्याचा आवाज येत नाहीये.

आजी हातात वेल तसाच धरून बसली होती. म्हणाली, “तुझा आजापण असाच गेला हुता.”

आई आणि काकूने एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

“मुंबईला. गोदीत कामाला जातो म्हनला न्हाई, काही न्हाई. सकाळी उठून बघते तर न्हाई. दोन वर्सं. ना चिठ्ठी, ना निरोप. तुझा बाप पाळण्यात हुता. लोक येऊन विचारायचे, कुंकू लावतीस का अजून?”

आम्ही कुणीच काही बोललो नाही. माझ्या आजोबांचा फोटो आमच्या घरात देवघराशेजारी लावलेला होता, फेटा बांधलेला. ते मी दोन वर्षांची असतानाच गेले. सगळं गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. ते गेले होते तसे परतही आले, त्यांनी विहीर खणली, मुलं शिकवली, हे सगळं मला माहीत होतं. मधली दोन वर्षं कुणी सांगितलीच नव्हती.

मी विचारलं, “मग तू काय केलंस?”

“काय करनार? कांदं लावलं.” मग तिने वेल झटकला आणि म्हणाली, “वाच फुडं. बाईनं काय केलं?”

बाईने काय केलं ते फार मोठं आहे, ते तुम्ही कधीतरी स्वतः वाचा. थोडक्यात सांगायचं तर जवळजवळ पाच वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. मग लक्ष्मीबाई अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) बाजूला टिळकांकडे गेल्या. गेल्या तरी सुरुवातीला आपलं सोवळं सांभाळूनच राहिल्या. नवऱ्याचा धर्म वेगळा, स्वतःचा वेगळा. मग हळूहळू विचार करत करत त्या एका ठिकाणी येऊन पोचल्या, की ही उच्चनीच देवाने केलेली नाही, आणि आता आपण कुणाच्याही हातचं खाऊ-पिऊ. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. त्यातलं धर्माचं सगळं मला त्या वयात कळलं असं नाही. पण ज्या घरात मीठ धुतलं जायचं, त्या घरातली मुलगी चालत चालत कुठवर आली, हे मात्र कळलं. आणि ते एका दिवसात झालं नाही, हेही. भाषणात सांगतात तसं ‘आणि मग त्यांचे डोळे उघडले’ असं काही पुस्तकात नाहीच. कधी एक पाऊल पुढे, कधी पुन्हा मागे, मध्येच फजिती.

अजून एक नवल सांगते. बालकवी, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ज्यांची ‘औदुंबर’ आणि ‘फुलराणी’ तुमच्या आईबाबांना पाठ असेल, ते काही काळ टिळकांच्या घरी राहिले होते. लक्ष्मीबाईंनी त्यांना घरच्या मुलासारखं सांभाळलं. हे वाचल्यावर मला एकदम विचित्र वाटलं. पाठ्यपुस्तकात कवी म्हणजे वेगवेगळ्या पानांवर राहणारे लोक. ते एकमेकांच्या घरी जेवतात हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

सुट्टी संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मी अर्ध्यावर होते. चार पानं लिहायची बाकी होती. मी वही घेतली, समास आखला, वर शाईने शीर्षक लिहिलं आणि एका बैठकीत चार पानं संपवली. माझा हात बसलेलाच होता की! लिहिलं असं: ‘स्मृतिचित्रे हे एक थोर पुस्तक आहे. लक्ष्मीबाई या एक आदर्श पत्नी होत्या. त्यांनी पतीला सुखदुःखात साथ दिली. या पुस्तकातून आपल्याला त्याग, सहनशीलता व निष्ठा यांचा बोध मिळतो. आपणही त्यांचा आदर्श घेतला पाहिजे.’ प्रस्तावनेतलीही दोन-तीन वाक्यं मध्ये मध्ये पेरली, म्हणजे जरा भारदस्त दिसतं.

संध्याकाळी मी वाचायला बसले, तर आजी म्हणाली, “आज पुस्तक ऱ्हाऊ दे. तू काय लिव्हलंस ते वाच.”

मी ऐटीत वाचलं. चारी पानं. आजीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, “मीठ धुतलेलं न्हाई लिव्हलं?”

“शाळेत तसलं लिहीत नसतात, आजी.”

“आपुन हसलो ते?”

“ते तर अजिबात नाही.”

“तुला राग आला हुता त्या मानसाचा, ते?”

मी गप्प.

आजी म्हणाली, “मग ह्यात ती बाई कुठंय?”

ती रागावून बोलली नाही. एखादी वस्तू जागेवर दिसली नाही की आपण विचारतो ना, तशीच विचारत होती. पण मला इतकं लागलं! मी वही मिटली आणि तिथून उठून गेले. आजीला काय कळतंय, तिला वाचता तरी येतं का, असं मनात आलं. आज ते लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं खरं.

रात्री झोप लागेना. आजीच्या गोष्टीतली ती दोन वर्षं डोक्यात फिरत होती. ‘सहनशीलता’ असं मी एका शब्दात लिहून टाकलं होतं. त्या शब्दात कांदे लावणारी, लोकांचे टोमणे ऐकणारी आजी बसत होती का? आणि लक्ष्मीबाईंनी तर एवढी पानं खर्च करून सांगितलं होतं, की मी नुसतीच सोसत नव्हते, चिडत होते, रडत होते, भांडत होते, हसतही होते. मी त्यांचं सगळं बोलणं ऐकलं आणि शेवटी माझंच ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडावर चिकटवून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा लिहिलं. या वेळी जमेना. एक पान लिहायला दुपार गेली. मीठ लिहिलं. शेजारच्या मावशी आल्या तेही लिहिलं. टिळकांचा मला राग आला, पण लक्ष्मीबाईंना त्यांच्याबद्दल नुसता रागच नव्हता, हे मला नीट कळत नाही, असं सरळ लिहिलं. पुस्तक अजून अर्धंच वाचून झालंय हेही लिहिलं. आजीची गोष्ट लिहू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, “नको. ती माझी हाय.” म्हणून ती लिहिली नाही. (आज लिहितेय. आजी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या नावानिशी लिहिलेली नाही, तरी लिहू की नको असा विचार मी पुष्कळ दिवस केला.)

चारऐवजी अडीचच पानं झाली. खाडाखोड भरपूर.

बाईंनी वह्या तपासून दिल्या. अभिजितला दहापैकी आठ. त्याने नाटक उघडलंसुद्धा नव्हतं, गाइडमधून उतरवलं होतं, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मला सहा. खाली लाल शाईत शेरा: ‘मुद्देसूद लिहा. शीर्षकास अनुसरून बोध लिहिलेला नाही.’

मधल्या सुट्टीत बाईंनी मला बोलावलं. वाटलं, आता ओरडणार. त्यांनी वही पुन्हा उघडली आणि मिठाचं ते पान परत वाचलं. वाचताना त्यांना हसू आलं, ते मी पाहिलं. म्हणाल्या, “चांगलं लिहिलंयस. पण दहावीच्या पेपरात असं लिहू नकोस हं. तिथे तपासणारे मला ओळखत नाहीत आणि तुलाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि पुस्तक इतक्यात परत आणू नकोस. सावकाश संपव.”

सहा गुणांचा राग माझ्या मनात बरेच दिवस होता. आता माझ्याच टेबलावर वह्यांचा गठ्ठा असतो. बाईंकडे तेव्हा आमच्या वर्गाच्याच ६४ वह्या होत्या, शिवाय दुसऱ्या तुकडीच्या वेगळ्या, हे आठवलं की तो राग पुष्कळ कमी होतो. सगळा जात नाही. पुस्तक मात्र आम्ही संक्रांतीपर्यंत पुरवून पुरवून वाचलं. शेवटी शेवटी आजी म्हणायची, आज दोनच पानं वाच, संपंल.

आईबाबांनो, तुम्हांलाही एक सांगायचंय. मूल पुस्तक वाचून उठलं की आपण लगेच विचारतो, काय शिकलास? एकदा ‘कुठे हसलास?’ असं विचारून बघा. ‘कुणाचा राग आला?’ असंही. उत्तर यायला वेळ लागेल कदाचित. आमच्या घरात तर एका शेंगांच्या ढिगाएवढा वेळ लागला.

आता हे सगळं आजच का आठवलं, ते सांगते. गेल्या महिन्यात मी चौथीच्या मुलांना एक गोष्ट वाचून दाखवली. एक कुटुंब जत्रेला जातं. बाबा आजोबांसाठी काठी घेतात, मुलगा भिंगरी घेतो, मुलगी बांगड्या घेते, सगळे आनंदाने घरी येतात, अशी साधी गोष्ट. खाली मी प्रश्न दिला, ‘गोष्ट तुम्हांला का आवडली?’ (बघा, आवडली हे मी आधीच ठरवून टाकलं होतं!) सगळ्यांनी लिहिलं, जत्रेची मजा कळली म्हणून आवडली, एकमेकांवर प्रेम करावे हे शिकलो म्हणून आवडली. एका मुलीने मात्र लिहिलं होतं, ‘मला गोष्ट आवडली नाही. आईला कोणीच काही विचारलं नाही.’

माझ्या हातात लाल पेन होतं. आणि मुलांनो, तुमच्यापासून काय लपवायचं, सवयीने मी त्याखाली लिहूनसुद्धा टाकलं: ‘प्रश्न नीट वाचा.’ पुढची वही उघडली. ती अर्धी तपासून झाल्यावर माझा हात थांबला. पुन्हा मागची वही ओढली. शाईचं लिहिलेलं पुसता येत नाही, म्हणून ते खोडलं. चौथीतल्या मुलीच्या वहीत बाईंचीच खाडाखोड!

दुसऱ्या दिवशी तिला जवळ बोलावलं. खोडलेलं बघून ती घाबरली होती. मी विचारलं, “आईला काय विचारायला हवं होतं गं?”

“तिला काय पाहिजे ते.”

“काय पाहिजे असेल?”

तिने खूप विचार केला. म्हणाली, “मॅडम, मला नाही माहीत. आमच्या आईला विचारून येऊ?”

ती विचारून आली. प्रार्थना संपल्या संपल्या माझ्याकडे धावत आली आणि एका दमात म्हणाली, “आई आधी म्हणाली, मॅडमला कशाला पाहिजेत नसत्या चौकशा. मग भाकरी करताना म्हणाली, सांग तुझ्या मॅडमला, मला एकदा एकटीला पाळण्यात बसायचंय, पार वरपर्यंत, आणि खाली कुणी हाका मारायच्या नाहीत.”